तीन किल्ल्यांचं कुलूप

मी "बरं" म्हणालो. फोनवरच्या माणसानं अदबीनं सांगितलं, "पाक नेंगाह, तुमची ती परदेशी बाई गेली. सकाळी अंगणात पडलेली सापडली," आणि मी "बरं" म्हणालो. पाणी आलंय, टाकी भरून घ्या, असं कुणी सांगितल्यावर म्हणतात तसं. माझ्या डाव्या हातात फोन होता, उजव्या हातात सुरा. समोर लाकडी ओंडक्यावर खोबरं आणि डुकराचं मांस अर्धवट चिरलेलं. आजूबाजूला आमच्या कुळातले वीस-बावीस पुरुष मांडी घालून बसलेले, सगळ्यांचे सुरे एकाच ठेक्यात चाललेले. दुसऱ्या दिवशी कुळाच्या देवळाचा उत्सव होता, आणि उत्सवाचं चिरणं-कापणं आमच्यात पुरुषच करतात. फोन सानूरच्या, म्हणजे ती राहायची तिथल्या, वस्ती-कचेरीतल्या कारकुनाचा. तो आणखी काही सांगत होता, पण मी ठेवून दिला. कोण, कशी, केव्हा, दवाखान्यात नेलं का, एक प्रश्न मी विचारला नाही. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला मी. पोरांनी धड प्रश्न विचारला नाही की बाकावर उभं करायचो. आणि स्वतः काय केलं, तर "बरं." आणि त्या "बरं"च्या पाठोपाठ, अगदी त्याला चिकटून, एक वाक्य मनात आलं. मी ते आणलं नाही, शपथ घेऊन सांगतो. ते आपोआप आलं, स्पष्ट, ठळक, फळ्यावर लिहिल्यासारखं. घर माझं झालं.

मी दचकलो. सुरा बोटाला लागला, जरासाच. हळदीनं हात पिवळे झाले होते, त्यात रक्त मिसळलं. शेजारी माझा चुलतभाऊ गेडे बसला होता. त्याचं लक्ष नाही असं कधी होत नाही. "काय झालं, ब्ली?" मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठा, म्हणून ब्ली, दादा. मी सांगितलं, टीनेका गेली. सगळे सुरे एकदम थांबले. आमच्या कुळात तिला न ओळखणारा कुणी नाही. दर उत्सवाला ती येते, आमच्या बायकांसारखं लुगडं नेसून, पांढऱ्या केसांत चाफा खोचून. बायकांच्या घोळक्यात बसून नैवेद्याची नारळाच्या पानांची ताटं विणते, वाकडीतिकडी. गेडेनं विचारलं, "मग तुला सुतक लागणार?" प्रश्न साधाच होता. सुतक असलं की देवळात पाऊल टाकायचं नाही, हे शेंबडं पोरही जाणतं. आणि दुसऱ्या दिवशी देवाच्या मूर्तीवर छत्री धरायचा मान माझा होता. अकरा वर्षांनी पाळी आली होती. माझ्या बायकोनं, सुकर्तीनं, त्यासाठी पांढरं उपरणं इस्त्री करून ठेवलं होतं. मी म्हणालो, "मला कसलं सुतक? ती परकी बाई. तिचं माझं नातं काय?" आवाज माझाच होता. गेडे ओंडक्यावरचं मांस सुऱ्यानं गोळा करत म्हणाला, "बरोबर आहे. घर घ्यायला जवळचा, सुतक धरायला लांबचा." दोन-तीन जण हसले. गेडे असंच बोलतो, लहानपणापासून, त्याच्या जिभेला हाड नाही. मीही हसलो, आणि हसताना मला वाटलं, याला कसं कळलं.

एकोणीस वर्षांपूर्वी ते घर घेतलं तेव्हा ती पंचावन्नची होती आणि मी बेचाळीसचा. त्याआधी ती माझ्या आत्याकडे भाड्यानं राहायची, कापडावर मेण लावून रंगवायचं शिकायला हॉलंडहून आली आणि परत गेलीच नाही. तिला तिचं स्वतःचं छप्पर हवं होतं. पण परक्याला आमच्याकडे जमीन घेता येत नाही. कुणीतरी इथल्यानं आपलं नाव द्यावं लागतं. नाव उसनं द्यायचं, एवढंच. किती जण देतात. तिनं मला विचारलं कारण, तिच्याच शब्दांत, "तू चहात साखर किती घातलीस तेसुद्धा खरं सांगतोस." नोटरीच्या खोलीत पंखा मोडका होता. नोटरी पानामागून पान वाचत गेला, आणि दर पानाखाली सही मी करत होतो. पैसे तिचे, पसंती तिची, चाफ्याचं झाड तिनं बघून ठेवलेलं, आणि सही माझी. ती माझ्या शेजारी खुर्चीत बसून माझ्या पेनाकडे बघत होती. नंतर रस्त्यावरच्या खानावळीत आम्ही भात खाल्ला, तेव्हा म्हणाली, "आता मी तुझ्या घरात राहणार, नेंगाह." मी तिला मानानं इबू, आई म्हणायचो. म्हणालो, "नाही इबू, तुमच्याच घरात." आणि मला इतकं बरं वाटलं होतं. आपण सज्जन आहोत हे आपल्याच कानांनी ऐकायला फार बरं वाटतं. पुढे एकोणीस वर्षं मी ते वाक्य जपलं. कुणी विषय काढला की सांगायचो, कागद माझ्या नावावर आहे हो, पण कागदाला काय जाळायचंय. घराचा मूळ दाखलासुद्धा मी तिच्याकडेच ठेवला होता, बिस्किटांच्या निळ्या डब्यात. सुकर्ती कधीमधी टोमणा मारायची, "बाहेर राजवाडा नावावर, आणि घरात आपला पोरगा बायको आणि दोन लेकरं घेऊन एका खोलीत." मी तिला गप्प बसवायचो. म्हणजे गप्प मी तिला बसवत होतो. स्वतःच्या आत कोण काय बोलत होतं, तिकडे कान दिला नव्हता.

मी हात न धुताच निघालो. मोटरसायकलवरून देनपासार ते सानूर वीस मिनिटांचा रस्ता. सूर्य डोळ्यांवर येत होता. मला रडू येईल असं वाटत होतं. मी वाट बघत होतो, येईना. त्याऐवजी मी खोल्या मोजत होतो. मागची खोली मुलाला. ती कापडं रंगवायची पडवी बंद करून घेतली की नातवंडांना. खिडक्यांचा तो निळा रंग मला कधीच आवडला नव्हता. मांजर कुणाला तरी देऊन टाकता येईल. मी सिग्नलला थांबलो तेव्हा लक्षात आलं की मी मांजरापर्यंत पोचलोय. बाई अजून अंगणातून उचलली की नाही ठाऊक नाही, आणि मी मांजर देऊन टाकलं. पण सिग्नल सुटला आणि विचार परत सुरू झाले, जिथे थांबले होते तिथूनच. वाटेत एका हार्डवेअरच्या दुकानापाशी गाडी आपोआप थांबली. आपोआप म्हणजे मीच थांबवली. घर उघडं पडलं असेल, लोक येतील-जातील, वस्तू हलतील, कुलूप तर लागेलच, असं मी स्वतःला समजावलं. दुकानदारानं विचारलं, "दुकानाला लावायचं की घराला?" मी म्हणालो, "घराला. माझ्या." मी "माझ्या" का म्हणालो? त्यानं विचारलं नव्हतं कुणाच्या म्हणून. त्यानं मोठं पितळी कुलूप काढलं, तीन किल्ल्या असलेलं. मी पुठ्ठ्यावरून फोडून घेतलं, किल्ल्या हलवून बघितल्या. चांगल्या जड होत्या.

मला वाटतं तीन वर्षांपूर्वी हे सुरू झालं असावं. माझ्या छातीत दुखलं होतं, चार दिवस इस्पितळात होतो. ती रोज यायची, पेज घेऊन. चौथ्या दिवशी हळूच म्हणाली, "नेंगाह, उद्या तू गेलास तर माझं काय?" मी हसण्यावारी नेलं. पण तिचं खरं होतं. मी गेलो की घर माझ्या मुलाचं, आणि मुलानं तिला कुठलंही वचन दिलेलं नव्हतं. तिनं चौकशी करून ठेवली होती. आता कायद्यात सोय झालीय, तिच्यासारख्या इथे राहायचा परवाना असलेल्या परक्याला घरावर राहण्याचा हक्क स्वतःच्या नावानं घेता येतो. मालकानं नोटरीसमोर सही केली की झालं. नोटरीनं कागद तयार करून दिले. मी म्हणालो, करू की, सण होऊ दे. सण झाला. म्हटलं, पुतणीचं लग्न होऊ दे. लग्न झालं. मग पाऊस, मग दात काढला, मग आणखी एक सण, आणि आमच्याकडे सणांना काय तोटा. तिनं चार वेळा विचारलं, पाचव्यांदा विचारलं नाही. कागद माझ्या कपाटात होते, उत्सवाच्या कपड्यांच्या घडीखाली. दर उत्सवाला कपडे काढताना हाताला लागायचे. मी ते कधी फाडले नाहीत, कधी लपवले नाहीत, कधी नाही म्हणालो नाही. फक्त ठेवले. माणूस इतक्या सभ्यपणे चोरी करू शकतो हे मला माहीत नव्हतं, आणि मी तर साठ पार केलेला.

गल्लीत गर्दी होती. मला बघून लोकांनी वाट दिली. मी मान खाली घालून चालत होतो. चेहरा दुःखाचा करून ठेवला होता, आणि तो तसा करून ठेवलाय हे मला चेहऱ्यावरच जाणवत होतं. तिचं फाटक उघडंच होतं. कोपऱ्यातल्या छोट्या देव्हाऱ्यावर सकाळचं ताट ठेवलेलं, उदबत्ती निम्मी जळलेली. हा देव्हारा तिनंच माझ्याकडून बांधून घेतला होता. मी म्हणालो होतो, इबू, तुम्हाला कशाला, तुमचा धर्म वेगळा. ती म्हणाली होती, मला नाही रे, घराला लागतो. उदबत्ती जळतेय म्हणजे ताट कुणीतरी अर्ध्या तासापूर्वी ठेवलंय, एवढं साधं माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही. मी पडवीच्या पायऱ्या चढलो. ती खुर्चीत बसली होती.

टीनेका. मांडीवर मांजर, डोळे सुजलेले, पाय उघडे. "आलास?" ती म्हणाली. "बरं झालं आलास. नोरीन गेली." पलीकडच्या घरातली नोरीन. ऑस्ट्रेलियाची, तिच्याच वयाची, तशीच उंच, तसेच पांढरे केस. गल्लीत दोघींना लोक गोरी आजी म्हणतात. कारकुनाला कुणीतरी सांगितलं असणार, गोरी आजी गेली, आणि त्याच्या वहीत गोऱ्या आजीच्या घरापुढे नाव माझं. मी खांबाला धरलं. आणि आता जे सांगायचंय ते एकदाच सांगतो. मला वाईट वाटलं. ती जिवंत आहे याचं मला वाईट वाटलं. क्षणभर, पापणी लवेपर्यंत, पण वाटलं. हातातलं काही कुणी काढून घ्यावं तसं. नंतर आनंद झाला, खरा झाला, ती रडू लागली म्हणून मीही रडलो. पण आधी ते आलं. रांगेत ते पुढे होतं. मी पायरीवर बसलो आणि मला माझीच किळस आली. इतकी वर्षं ज्या माणसाला मी चारचौघांत मिरवला, तो आत नव्हताच. आत हा बसला होता, कुलूप घेऊन.

कुलूप. ते माझ्या हातातच होतं. तिची नजर त्यावर गेली. नवं कोरं पितळ, तीन किल्ल्यांचा झुबका. "तुला कुणी सांगितलं नोरीनचं?" तिनं विचारलं. "फोन आला," मी म्हणालो. "काय म्हणाले?" मी कुलूप या हातातून त्या हातात घेतलं. मांजरानं अंग ताणलं. ती कुलपाकडे बघत राहिली, मग माझ्या पिवळ्या हाताकडे, बोटावरच्या रक्ताकडे. मग ती म्हणाली, "हो, मागच्या फाटकाचं ना. मीच सांगितलं होतं तुला, जुनं मोडलंय म्हणून. विसरलेच होते मी. लावून टाक." आणि उठून आत गेली, बोटाला बांधायला फडकं आणायला. मला आठवेना. तिनं कधी सांगितलं होतं? मागच्या महिन्यात? दात काढला तेव्हा? सांगितलंही असेल. मला इतकं हायसं वाटलं की मी विचार करायचं सोडून दिलं. सांगितलं होतं, मी आणलं. छान. मी पुन्हा सज्जन झालो.

मागच्या फाटकाकडे जायचं तर नोरीनच्या कुंपणालगतून जावं लागतं. तिच्या अंगणात माणसं होती. तिचं घर ज्याच्या नावावर होतं तो दार्मिका, पूर्वी तिची गाडी चालवायचा, भिंतीला मोजायची टेप लावून उभा होता. दोघं जण कपाट बाहेर काढत होते. कपाटाचं दार उघडलं आणि आतून तिच्या टोप्या पडल्या, उन्हाच्या, गवताच्या. कुणी उचलल्या नाहीत. बाई अजून इस्पितळाच्या शवागारात. तिकडून कुणी भाचा यायचा होता, दोन दिवसांनी. दार्मिकानं मला पाहिलं आणि हात केला, ओळखीचा, धंद्यातल्या माणसाला करतात तसा. "तुमच्याच बाईची बातमी पसरली होती म्हणे, ब्ली. मी म्हटलं, चला, दोघांचं एकदमच." मग माझ्या हातातलं कुलूप बघून म्हणाला, "वा. तयारीनंच आलात." मी म्हणालो, "हे मागच्या फाटकासाठी आहे." तो हसला. वाईट हसला नाही, समजून घेतल्यासारखा हसला. "असू दे हो. तुमची धडधाकट आहे अजून, पण आज ना उद्या. आपण काय मारायला जात नाही कुणाला." मला त्याचा गळा धरावासा वाटला. पण कुठल्या तोंडानं? तो टेप घेऊन आला होता, मी कुलूप. त्याची बाई खरंच मेली होती, एवढाच काय तो त्याच्या बाजूनं फरक.

मागचं फाटक बंद होतं. जुनं कुलूप त्याला लटकत होतं, हिरवट झालेलं. मी हातात घेऊन ओढलं. लागलेलं होतं, घट्ट. म्हटलं, किल्ली फिरत नसेल. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला तिचा जुडगा असतो, तो आणला. तिसरी किल्ली लागली. फिरवली. कुलूप उघडलं, एका फटक्यात, लोण्यासारखं. मी लावलं. पुन्हा उघडलं. पुन्हा लावलं. बोटांना काहीतरी लागलं म्हणून बघितलं तर तेल होतं, ताजं. कुणीतरी चार-आठ दिवसांत त्या कुलपाला तेल घातलं होतं. या घरात ती एकटी राहते.

काहीही मोडलेलं नव्हतं. तिनं मला कधी काही सांगितलं नव्हतं. तिनं कुलूप पाहिलं, माझं तोंड पाहिलं, आणि तिथल्या तिथे मला उभं राहायला एक जागा काढून दिली. पंचाहत्तरीला टेकलेली बाई, मैत्रीण सकाळी गेलेली, आणि ती माझी लाज झाकत बसली. की तिला आधीपासूनच ठाऊक होतं? पाचव्यांदा तिनं विचारलं नाही, तेव्हापासून? रोज सकाळी देव्हाऱ्यावर ताट ठेवताना, उत्सवात आमच्या बायकांत बसून वाकडी ताटं विणताना, मला चहात साखर किती विचारताना, ती हे जाणून होती का, की या घराचा मालक तिच्या मरणाची वाट बघतो आणि ते त्याचं त्यालाही माहीत नाही?

मी जुनं कुलूप काढून नवं लावलं. दुसरं काय करणार होतो? मग तिन्ही किल्ल्या नेऊन तिच्या पुढ्यात ठेवल्या. तिनं दोन जुडग्यात ओवल्या, तिसरी माझ्याकडे सरकवली. मी म्हणालो, "नको इबू. सगळ्या तुमच्याकडेच असू देत." ती माझ्या बोटाला फडकं बांधत होती, बांधता बांधता म्हणाली, "ठेव रे. नोरीन अडीच तास पडून होती. मी पडले तर आत कोण येणार?" मी तिच्याकडे बघितलं. मला वाटलं आता ती बोलेल, शिव्या देईल, बिस्किटांचा डबा तोंडावर फेकेल. तिनं गाठ मारली, उरलेलं फडकं दातानं तोडलं, आणि विचारलं, "जेवलास का? सकाळपासून उपाशी दिसतोस." मी किल्ली घेतली. आजवर इतकी जड वस्तू मी उचललेली नाही.

ती स्वयंपाकघरात गेली तेव्हा गेडेचा फोन आला. "ब्ली, तुझी बाई जिवंत आहे म्हणे. दुसरीच गेली. आत्ताच कळलं. उगाच आम्हाला घोर लावलास." मागे सुऱ्यांचा ठेका ऐकू येत होता, अजून कापत होते. "म्हणजे आता मिटलं. पहाटे पाचला ये, छत्री तुझीच." आत ताटांचा आवाज झाला. दोन ताटं. ती मांजराशी डच भाषेत काहीतरी बोलत होती. मी स्वतःला ओळखून चुकलो होतो. उद्या छत्री धरली की परवा म्हणेन, जरा दमलोय; तेरवा म्हणेन, पुढच्या सणानंतर. कागद पुन्हा त्या घडीखाली जातील, आणि मी पुन्हा चांगला माणूस होईन. मला माझा एका दिवसाचाही भरवसा नव्हता.

"मी येत नाही," मी म्हणालो. "मला सुतक आहे."

गेडे हसला. "कुणाचं? त्या शेजारणीचं?"

"नाही. हिचंच."

"अरे पण ही जिवंत आहे ना?"

"आहे. जेवायला वाढतेय मला."

सुऱ्यांचा ठेका चालूच होता, पण गेडेचा त्यातला थांबला असावा. त्याच्या जिभेला हाड नाही, पण तो मूर्ख नाही. सकाळी माझ्या शेजारी तोच बसला होता, माझं "बरं" त्यानंच ऐकलं होतं. मग वडीलधाऱ्यांना विचारतात तशा आवाजात त्यानं विचारलं, "किती दिवसांचं धरायचं, ब्ली?"

"उद्या नोटरीकडे जातोय," मी म्हणालो. "सही होईपर्यंत."